एकादशीला खाडीत गळ: लातूर ते कालावल

मांजराकाठचा

मंडळी, मागं इथंच विचारलं होतं, की मराठवाड्यातल्या माणसानं खाडीत गळ टाकायला जावं का. निम्म्यांनी 'आधी पोहायला शीक' म्हणून सांगितलं होतं. पोहायला येतंय मला, विहिरीतलं. तर जाऊन आलो. लांबलचक लिहायलोय, चहा घेऊन बसा.

गळाचा नाद मला लहानपणापासून. मांजरा धरणाच्या काठावर, धनेगावच्या अलीकडं, मामाबरोबर मरळ धरण्यात उन्हाळे गेले. बांबू, दोरा, बेडकाचं पिल्लू, एवढंच सामान. आता रीळ-रॉड आहे, पण पाणी तेच, असलं तर. म्हणून एकदा खारं पाणी बघायचं होतं.

ओळखीतून मालवणच्या उत्तरेला कालावल खाडीवरच्या एका होडीवाल्या तात्यांचा नंबर मिळाला. जाळ्याचा धंदा पिढीजात, हल्ली हौशी लोकांना गरवायला नेतात. (तिकडं गळ टाकणं म्हणजे गरवणं आणि गळ म्हणजे गरी.) फोनवर म्हणालो, पुढचा रविवार चालेल का? तर तात्या म्हणाले, "तिथी खयची?" कालनिर्णय काढून बघितलं. मार्गशीर्ष वद्य एकादशी. ते म्हणाले, "मग येवा. पाणी बरा गावतला."

आता आमच्या घरी एकादशी म्हणजे काय हे इथल्या बऱ्याच जणांना सांगायला नको. वडील माळकरी. मी माळ घातली नाही, पण एकादशीला घरात कांदा चिरला जात नाही, तिथं मासे धरायला चाललो म्हणून कुणाला सांगणार? 'कोल्हापूरला अंबाबाई, मग समुद्र बघून येतो' म्हणून निघालो. खोटं नव्हतं, अंबाबाई केलीच. बरोबर मेव्हणा. लातूर, तुळजापूर, सोलापूर, मग मिरजेकडं जाणारा मोठा रस्ता. मंगळवेढ्याजवळ पंढरपूरची पाटी आली. मागच्या सीटवर दोन रॉड आडवे पडलेले, त्यांची टोकं काचेला टेकलेली. मी उगीच गाडीचा वेग वाढवला. मेव्हणा म्हणाला, "दाजी, विठोबानं बघितलं." तिथंच ठरवलं, की उपास सोडायचा नाही आणि धरलेला एकही मासा ठेवायचा नाही.

फोंडा घाट उतरून मुक्कामाला गेलो. पहाटे साडेपाचला तळाशीलच्या बाजूला पोचलो. जागा अशी, की एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. पूर्वेला वद्य एकादशीची चंद्राची कोर. पलीकडं समुद्राची गाज आणि अलीकडं खाडी एकदम गप्प. वास मात्र जबर. सडक्या अंड्यासारखा चिखलाचा वास. तात्या म्हणाले, हा वास असला म्हणजे खाजण (खाडीकाठची खारी दलदल) जितं आहे.

होडी फायबरची, मागं इंजिन. आधी गळ नाहीच. तात्यांनी उथळ पाण्यात पाग फेकला (आपलं फेकजाळं). तीन फेकीत बादलीभर पाण्यात जिती कोळंबी आणि बोटाएवढी बोयची पिल्लं. मी रॉड जोडून तयार, तर म्हणाले, बसा. पाणी चढायलंय. आता मासा तिवरांच्या (खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या झाडांच्या) मुळांत आत शिरलाय, तिथं तुमची गरी जायची नाही. भरती पुरी होऊ दे, पाणी थांबू दे, मग उतरायला लागलं की तुमचं काम.

सव्वाआठच्या सुमाराला पाणी खरंच थांबलं. वाळकं पान तरंगत होतं, ते पाऊण तास एकाच जागी गोल फिरत राहिलं. मांजऱ्यात पाणी थांबलेलंच असतं, त्याला 'थांबलं' म्हणावं असं कधी सुचलं नव्हतं. तात्यांनी घावणे काढले. मेव्हण्यानं चार खाल्ले. मी राजगिऱ्याचा लाडू. तात्यांनी तिवराचं एक पान तोडून दिलं, म्हणाले जीभ लावा. पानाच्या पाठीवर खरंच मिठाचा पापुद्रा. झाड खारं पाणी पितं आणि मीठ पानातून बाहेर टाकतं. उपासाला हे मीठ चालतं का, हे विचारायचं राहून गेलं.

नऊनंतर पाणी उतरायला लागलं आणि जागाच बदलली. तिवरांच्या रानातून एक छोटा व्हाळ (ओढा) खाडीला मिळतो, त्याच्या तोंडापासून दोन रॉड अंतरावर होडी बांधली. आतून येणारं पाणी गढूळ, खाडीचं हिरवट, मध्ये दोरीनं आखल्यासारखी रेघ. तात्या म्हणाले, त्या रेघेवर टाका. मुळांत लपलेली कोळंबी, बारकी मासळी पाण्याबरोबर बाहेर ओढली जाते आणि मोठा मासा दारात तोंड उघडून उभा राहतो. बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडच्या गेटवर रिक्षावाले उभे असतात, तसा.

पहिला दणका बसला आणि संपलासुद्धा. तांबोशी. गळ लागला की सरळ मुळांत घुसते, आणि मुळांवर कालवं चिकटलेली, ब्लेडसारखी. दोरा कापला. दुसरी तांबोशी मात्र तात्यांनी "वळव, वळव" ओरडून बाहेर काढायला लावली. पाऊण किलोची असेल. तांब्याचं भांडं नुकतं चिंचेनं घासल्यावर दिसतं तसा रंग, आणि वरच्या जबड्यात कुत्र्यासारखे दोन सुळे. ओल्या हातानं धरली, गळ काढला, सोडली. तात्या माझ्याकडं बघत राहिले. "खाऊचो नाय तर धरतास कित्याक?"

मला उत्तर आलं नाही. एकादशी सांगितली. ते म्हणाले, मग उद्या यायचं. मी म्हणालो, तुम्हीच या तिथीला बोलावलंत. त्यावर ते हसले.

आता मुख्य दुःख. साडेदहाच्या पुढं, जिती बोय लावलेली. दोरा हळूच बाजूला सरकला. मी रॉड उचलला, आणि वीस हातांवर पाणी फुटून चोणक बाहेर आली. म्हणजे रायगडवाल्यांचा जिताडा. तोंड तांब्याएवढं उघडं, गळ झटकायला डोकं दोन्हीकडं हलवायली, कल्ल्यांचा खडखड आवाज इथपर्यंत. रीळ ओरडायला लागलं. आणि मी काय केलं? मांजऱ्याची तीस वर्षांची सवय. मरळ लागली की हिसका मारून काठावर फेकायची असते, नाहीतर गवतात जाते. मी रिळावर पंजा दाबला आणि हिसका मारला.

दोरा सुटून हातात आला. टोकाला वीतभर भाग पांढरा, काचेच्या कागदानं घासल्यासारखा. हिच्या कल्ल्याच्या झाकणाची कड धारेची असते, तिथं घासून आधीच अर्धा झाला होता, बाकीचं काम माझ्या पंजानं केलं. तात्या काहीच बोलले नाहीत. वल्हं धुतलं. दोन मिनिटांनी एवढंच म्हणाले, "ओढलास."

त्यानंतर एक शिंगाळा, दोन काळुंदर. दुपारी एकच्या सुमाराला परत निघालो तर सकाळी ज्या पाण्यावरून आलो तिथं चिखल. निवट्या चिखलावर उड्या मारायलेत, खेकडे बिळाच्या दारात. होडी रुतली. मेव्हणा उतरला, त्याची चप्पल चिखलानं गिळली. मी अनवाणी उतरलो आणि कालवावर पाय पडला. तळपायाला दीड इंच चीर. म्हणून फोटो नाहीत, मोबाईल सांभाळावा का पाय हे कळेना.

जाणाऱ्यांनी जुने बूट घालूनच उतरा. पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, पाणी स्वतःचं न्या. परतल्यावर रीळ गोड्या पाण्यानं धुवा, नाहीतर आठवड्यात गंजतंय.

---

सुगी२०११

जबरी लिहिलंय. 'दाजी, विठोबानं बघितलं' ला हसायलो कधीचा. पैसे किती लागले तेवढं सांगा.

मांजराकाठचा

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. इथं लिहिलं की उद्या दुसरा होडीवाला त्याच्या वर मागेल नाहीतर कुणी तात्यांकडं घासाघीस करेल.

बिंदुसरा

मालक, लातूरच्या माणसानं पाण्याची एवढी मजा मारणं बरं नव्हं. तुमच्यासाठी २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. आता तुम्हीच त्या मिरजेवरून पुढं पाणी बघायला जायलात.

मांजराकाठचा

मिरजेत स्टेशनकडं बघून नमस्कार केला. खरंच केला.

पाटीपेन्सिल

तुमच्या तात्यांनी तिथी का विचारली ते सांगतो. आमचे आजोबा परभणीला शाळामास्तर, पण नोकरीची पहिली काही वर्षं रत्नागिरीकडं काढलेली. तिथून हे गणित घेऊन आले. तिथीला पाऊणनं गुणा, पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, भरती तीनला. अष्टमीला आठ पाऊण सहा. एकादशीला अकरा पाऊण सव्वाआठ. सकाळी आणि रात्री दोन्हीकडं तेच. शुद्ध-वद्य काही फरक नाही. ओहोटी त्यापुढं सहा-सव्वासहा तासांनी.

आजोबा म्हणायचे, पावकी, निमकी, पाऊणकी देशावर व्यापाऱ्याला लागते आणि कोकणात खलाशाला.

सुगी२०११

पण पाऊणच का? दुप्पट का नाही, निमपट का नाही?

पाटीपेन्सिल

कारण चंद्र. रोज तो डोक्यावर यायला आदल्या दिवसापेक्षा साधारण ५० मिनिटं उशीर करतो, म्हणून भरतीही तेवढीच पुढं सरकते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं, तोंडी हिशेबाला सोपं. रोजचा हा बारका फरक साठत जातो, म्हणून अमावस्या-पौर्णिमेच्या जवळ हे गणित अर्धा-पाऊण तास मागं पडतं. होडी काढायला ते चालतं, जहाज बंदरात घ्यायला नाही.

तिरफळ

मी मालवणातला, आता नोकरीनिमित्त छत्रपती संभाजीनगर. हिशेब बरोबर, पण एक भर घालतो. ती वेळ खाडीच्या तोंडाची. आत मसुऱ्याकडं जाल तसं पाणी उशिरा चढतं आणि उशिरा उतरतं. त्यामुळं शहाणा गरवणारा तोंडाशी सुरुवात करतो आणि उतरत्या पाण्याच्या मागं मागं आत सरकतो. एकाच ओहोटीत दोनदा चांगली वेळ मिळते.

आणि तिथी नुसती वेळेसाठी नाही विचारत. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाणी जोरात, गरी तळाला ठरत नाही. अष्टमीला भांग (सगळ्यांत कमी भरती-ओहोटी), पाणी हलतच नाही, मासा सुस्त. एकादशी त्या दोघांच्या मधली, आणि ओहोटी सकाळी उन्हाच्या आधी सुरू. तुमच्या तात्यांनी पंचांगातला चांगलाच दिवस काढून दिला होता. त्यांच्या लेखी त्या तिथीला दुसरा काही अर्थ नाही.

मांजराकाठचा

आमच्या घरात त्या तिथीला दुसराच अर्थ आहे ना!

हरभरा_घाटा

भाबडा प्रश्न. मग मांजरा धरणात भरती का येत नाही? चंद्र तर लातूरवरूनही जातोय.

पाटीपेन्सिल

समुद्र पसरलेला आहे म्हणून इकडचं पाणी तिकडं सरकायला जागा आहे. धरणाच्या दोन्ही टोकांना चंद्राची ओढ जवळपास सारखीच, त्यामुळं फरक मोजण्याइतकाही पडत नाही. मांजऱ्यात एकच भरती, ती पावसाळ्यात, आली तर.

प्रयोगवही

नांदेडला जीवशास्त्र शिकवते, राहवत नाही म्हणून लिहिते. तुमची निसटलेली चोणक मोठी होती असं धरलं तर ती 'होती'च असणार, 'होता' नाही. हा मासा बहुतेक वेळा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे खाडीतले सगळ्यांत मोठे जिताडे जवळपास सगळे मादी. अंडी घालायला ते खाडीच्या तोंडाशी, जास्त खाऱ्या पाण्याकडं उतरतात, पिल्लं मग भरतीबरोबर तिवरांत आणि पुढं गोड्या पाण्यातसुद्धा चढतात. सगळ्यांत मोठा मासा उचलून नेणं म्हणजे वेतात आलेली म्हैस खाटकाला देणं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये म्हणून याला दोन्हीकडून मर्यादा आहे, ५८ सेंटीमीटरच्या आतला ठेवायचा नाही आणि १२० च्या वरचाही नाही.

तिवर पानातून मीठ टाकतं हे बरोबर. पण सगळ्याच खारफुटीचं तसं नाही. कांदळ मुळातच बरंचसं मीठ आत घेत नाही. पांढरी चिपी २०२० मध्ये राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर झाली, ती तुम्हाला पाण्याच्या कडेला दिसली असेल, पेन्सिली उभ्या केल्यासारखी मुळं चिखलातून वर आलेली.

मांजराकाठचा

बाई, पेन्सिलींत पाय अडकून पडता पडता वाचलो. नाव आज कळलं.

गोदातीर_पैठण

इतका वेळ वाचत होतो. मी भोई. नाथसागरात आमची चौथी पिढी, धरण होण्याआधी गोदावरीत, आता धरणात. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून रात्री जाळं टाकतो, पहाटे काढतो. तुमच्या तात्यांनी जे विचारलं तेच मलाही विचारायचंय. खायचा नाही, विकायचा नाही, तर त्याच्या तोंडात गळ घालून, दमवून, फोटो काढून सोडायचं म्हणजे काय? रागानं नाही विचारत. आमच्यात मासा हे लक्ष्मीचं रूप. तिला बोलावून परत पाठवायचं हे मनाला पटत नाही.

मांजराकाठचा

दादा, घरी येऊन दोन दिवस हाच विचार करतोय. तुमच्यापुढं हौस हा शब्द लिहायला अवघड जातंय, पण दुसरा शब्द नाही. दोरा सरकतो तेव्हा पोटात जे होतं त्यासाठी गेलो होतो. माशाला त्याचा त्रास होतो, हे खरं. जखम मोठी नको म्हणून गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून बोथट केला होता, हात ओला करून धरला, पाण्याबाहेर ठेवला नाही. त्यानं तुमच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही, माहीत आहे.

बिंदुसरा

भाऊ, एकादशीला न खाता सोडला तर पुण्य आणि द्वादशीला खाल्ला तर पाप, असं काही नसतंय. मासा मासाच.

प्रयोगवही

सोडलेला प्रत्येक मासा जगतो असंही नाही. गळ घशात गेला, मासा फार दमला किंवा बाहेर ठेवला तर नंतर मरतो. पण जाळ्यात आलेल्या बारक्या पिल्लांबद्दल पैठणकरांना विचारायचं होतं. ती तुम्ही काय करता?

गोदातीर_पैठण

बोटाएवढं मासं परत टाकतो. वडील टाकायचे म्हणून टाकतो. पावसाच्या सुरुवातीला गाभोळीची मासळी वर चढते, तेव्हा जाळं घरात. सगळे पाळतात असं नाही. बारीक मासोळीचं जाळं टाकणारे आहेत, त्यांच्याशी भांडणं पण झाली. तर सोडणं आम्हाला माहीत नाही असं नाही, बाई. आम्ही उद्यासाठी सोडतो. हे धरण्यासाठीच धरून सोडतात, एवढाच फरक मला दिसला.

तिरफळ

आमच्याकडं १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात बंदी असते, कारण तेच, विणीचा काळ. आणि दादा, एक सांगू? माझा काका जाळीवालाच. मुंबई-पुण्याचे लोक गरवायला यायला लागल्यापासून तो मोठी चोणक बाजारात नेत नाही. म्हणतो, मेलेली एकदाच विकली जाते, जिती दर रविवारी.

गोदातीर_पैठण

हे मात्र बरोबर बोलला तुमचा काका.

सुगी२०११

कुणी मराठवाड्यातून गट काढत असेल तर मी येतो. मागच्या वर्षी एकानं ऑनलाइन आगाऊ पैसे घेतले, आणि भर दुपारी बाराला ओहोटी संपत आलेल्या चिखलात नेऊन बसवलं. मासा नाही, सावली नाही. विचारलं तर म्हणे, निसर्ग आहे. आता कळलं, त्या दिवशी अष्टमी होती. आठ पाऊण सहा, आणि ओहोटी बाराला!

तिरफळ

बुकिंग घेणाऱ्यानं तिथी विचारली नाही, तर पैसे देऊ नका. एवढी एक परीक्षा पुरे.

हरभरा_घाटा

मांजराकाठचे, मूळ मुद्दा राहिला. वडिलांना कळलं का?

मांजराकाठचा

कळलं. मेव्हण्यानं तांबोशीचा फोटो स्टेटसला लावला. तेवढ्यात कधी काढला देव जाणे. परवा जेवताना वडील म्हणाले, "अंबाबाई लाल रंगाची झाली म्हणं." मी सगळं सांगून टाकलं. उपास मोडला नाही, मासा ठेवला नाही, पायाची पट्टीही दाखवली. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "एकादशीच कशाला पाहिजे होती? दुसऱ्या दिवशी गेला असतास."

मी तात्यांचं आणि इथलं पाटीपेन्सिल यांचं गणित सांगितलं. वडील जुने मॅट्रिक. भाकरीचा तुकडा हातात तसाच. पुटपुटले, "बारं पाऊण नऊ." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "पाऊण तासानं काय मासे गावाला जाणार होते का?"